इन कॅमेरा म्हणजे कॅमेऱ्यासमोर की कॅमेऱ्याविना?

चिंचोका (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:५२

गेले दोन दिवस आमच्या घरी एका शब्दावरून रण माजलंय, म्हणून हा धागा. नाती आणि तपशील थोडे फिरवले आहेत. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितोय.

आतेबहिणीचा घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. आत्या त्यात साक्षीदार. वकिलांनी फोनवर सांगितलं, "काकू, अजिबात घाबरू नका, सगळं इन कॅमेरा होणार आहे." त्यांच्या दृष्टीने हा धीर होता. आत्याने फोन ठेवला आणि जाहीर केलं की ती येणार नाही. "घरात काय काय झालं ते जजसाहेबांना सांगेन. शूटिंग चालू असताना नाही सांगणार. उद्या कुणाच्या मोबाइलवर फिरलं म्हणजे?"

मी समजूत घालायला गेलो. "अगं, इन कॅमेरा म्हणजे गुप्त, बाहेरचं कुणी नसतं." तर तिने त्याच दिवशीचा पेपर पुढ्यात टाकला. मथळा: नातेवाइकांच्या मागणीनंतर इन कॅमेरा शवविच्छेदन. खाली बातमीत स्वच्छ लिहिलेलं, संपूर्ण प्रक्रियेचे चित्रीकरण करण्यात आले. "आता सांग, इथे कॅमेरा आहे की नाही?"

आहे. काय बोलणार?

तेव्हा जाणकारांनी सांगावं: या शब्दाचा नेमका अर्थ काय? पेपरवाले चुकतात, की वकील जुनं धरून बसलेत, की दोघंही बरोबर? साक्ष पुढच्या गुरुवारी आहे. आत्या अजून "बघू" वर आहे.

तळटीप
मंगळवार, रात्री १०:०५

लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे खोलीत, अर्थात दार लावून. फोटोच्या कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नाही. पेपरवाले चुकतात. धागा संपला.

चिंचोका
मंगळवार, रात्री १०:०९

काडीचा संबंध नाही, तर दोघांचं नाव एकच कसं?

दोन_रुपये
मंगळवार, रात्री १०:३१

माझ्या माहितीप्रमाणे इन कॅमेऱ्यात साक्षीदार एका खोलीत असतो आणि जजसाहेब दुसऱ्या खोलीतून सीसीटीव्हीवर बघतात. लहान मुलांच्या केसेसमध्ये असंच करतात. म्हणून तर नाव कॅमेरा. आत्यांचं बरोबर आहे.

सातारी_वकीलबाई
मंगळवार, रात्री ११:२०

दोन_रुपये, तुम्ही दोन गोष्टींची मिसळ केलीत. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम ३६ मध्ये मुलाला आरोपीचं तोंड बघावं लागू नये म्हणून पडदा, एकाच बाजूने दिसणारी काच किंवा व्हिडिओ लिंक वापरता येते. तो कॅमेरा खरा कॅमेरा. त्यापुढच्या कलम ३७ मध्ये खटला इन कॅमेरा चालवा, असं म्हटलंय, म्हणजे बाहेरच्यांना बाहेर काढा. मूल ज्यांच्यावर विश्वास ठेवतं ती माणसं, आईवडील वगैरे, आत थांबू शकतात. दोन कलमं एकमेकांना खेटून असल्यामुळे हा गोंधळ होतो. आमच्या ज्युनिअर मुलांचाही होतो.

आता चिंचोका यांच्या आत्यांसाठी सविस्तर लिहिते.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम ११ सांगतं की न्यायालयाला वाटलं तर कामकाज इन कॅमेरा चालवता येतं, आणि दोहोंपैकी एका पक्षाने जरी मागणी केली तरी तसं चालवावंच लागतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ तर याहून कडक आहे: कामकाज इन कॅमेराच, आणि ते छापणं हा दंडाला पात्र गुन्हा. तिथे जजसाहेब किंवा बाई, दोन्ही पक्ष, त्यांचे वकील, स्टेनो, शिरस्तेदार अशी माणसं असतील. मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट बघत बसणारे लोक नसतील. आत्यांची साक्ष स्टेनो टाइप करेल, आत्या वाचतील, सही करतील. बस्स. शूटिंग नाही. उलट मोबाइल बंद करायला लावतील.

पुष्कळांना वाटतं की जज आपल्या चेंबरमध्ये बसून ऐकतात ते इन कॅमेरा. तसंही नाही. मुंबई उच्च न्यायालयात चेंबर समन्स नावाचा प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो भर कोर्टात, सगळ्यांदेखत ऐकला जातो. चेंबर हे तिथे नुसतं नाव उरलंय. आणि कोर्टरूम तीच ठेवून फक्त लोकांना बाहेर काढलं तरी ते इन कॅमेराच. खोली कोणती याला महत्त्व नाही, दार लागलंय की नाही ते बघायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इन कॅमेरा हा अपवाद आहे. मूळ नियम खुल्या न्यायालयाचा. इंग्लंडात १९१३ साली स्कॉट विरुद्ध स्कॉट नावाचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. विवाह रद्द करण्याची सुनावणी बंद दाराआड झाली होती, आणि त्या बाईंनी कामकाजाची प्रत नवऱ्याच्या वडिलांना, बहिणीला आणि आणखी एकाला पाठवली म्हणून त्यांच्यावर अवमानाचा ठपका आला. लॉर्ड्सनी तो पुसून टाकला. विषय लाजिरवाणा आहे एवढ्यावर कोर्टाचं दार लावता येत नाही, न्याय देणंच अशक्य होत असेल तर लावा, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडची सगळी चर्चा तिथून सुरू होते.

मुलुखगिरी
बुधवार, सकाळी ७:४८

वकीलबाई, भारी प्रतिसाद. मिरजकर खटल्याबद्दल पण लिहा ना. तो तर आपल्या मुंबईचाच.

सातारी_वकीलबाई
बुधवार, सकाळी ८:३०

घाईत लिहिते, ११ वाजता बोर्ड आहे.

ठाकरसी यांनी ब्लिट्झ साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. सुनावणी १९६४ ला चालली होती. न्यायमूर्ती तारकुंडे, सासवडचे. एका साक्षीदाराने तक्रार केली की माझी आधीची साक्ष पेपरात आल्याने माझ्या धंद्याचं नुकसान झालं. न्यायमूर्तींनी तोंडी सांगितलं, आता हे छापू नका. कोर्ट उघडं, लोक बसलेले, पण छापायचं नाही. ब्लिट्झचे वार्ताहर मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींचं पीठ, १९६६ चा निकाल, मुख्य निकालपत्र आमच्या साताऱ्यात जन्मलेल्या गजेंद्रगडकरांचं. पत्रकार हरले. न्यायासाठी गरज पडली तर उच्च न्यायालयाला दार लावण्याचा अंगभूत अधिकार आहे आणि त्यात छापण्यावर बंदी घालणंही येतं, असं ठरलं. एकटे हिदायतुल्ला विरोधात राहिले. मला अजूनही त्यांचंच पटतं. पण ते माझं मत.

खिळेजुळारी
बुधवार, सकाळी १०:१५

पेपरवाल्यांना शिव्या पडायला लागल्यात म्हणून लॉगिन झालो. तीस वर्षं डेस्कवर काढली, आता घरी बसून दुसऱ्यांच्या चुका काढतो.

'इन कॅमेरा शवविच्छेदन' हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल याची मोजदाद नाही. कसं होतं ते सांगतो. रात्री साडेदहाला तालुक्याचा बातमीदार फोन करतो: जमावाने मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला, पीएम इन कॅमेरा करा अशी मागणी आहे. हा शब्द त्याचा नसतो, जमावाचा असतो. रुग्णालयाबाहेर उभे असलेले लोक तोच शब्द ओरडत असतात. तहसीलदार तोच वापरतो, पोलीस निरीक्षक तोच वापरतो. मी एकटा डेस्कवर बसून 'ध्वनिचित्रमुद्रणासह शवविच्छेदन' लिहू? सिंगल कॉलमात? 'इन कॅमेरा' पाच अक्षरांत बसतं, आणि ज्याच्यासाठी लिहायचं त्याला ते कळतं.

तरी एक खंत आहे. एकदा पान एकवर बलात्काराच्या खटल्याची 'इन कॅमेरा सुनावणी' होती आणि पान तीनवर 'मतमोजणी इन कॅमेरा'. एकाच रात्री, एकाच हाताने लावलेली. एका ठिकाणी कुणी बघू नये म्हणून, दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांनी बघावं म्हणून. पहाटे घरी जाताना ध्यानात आलं. तोवर गाड्या सुटल्या होत्या.

माझ्या मते या गोंधळाचं मूळ आपल्या मराठी कानात आहे. 'इन कॅमेरा' ऐकलं की आपण मनात त्याला सप्तमी लावतो: कॅमेऱ्यात. आणि 'कॅमेऱ्यात' पुढे मराठीत काय येतं? टिपलं. कैद झालं. चोरटा सीसीटीव्ही कॅमेऱ्यात कैद. मग इन कॅमेरा म्हणजे कॅमेऱ्यात टिपलेलं, हा अर्थ लागणारच.

तळटीप
बुधवार, सकाळी १०:४०

गंमत बघा, कॅमेरा म्हणजे खोली धरलं तर 'कॅमेऱ्यात कैद' हा तुमचा घासून गुळगुळीत झालेला मथळा व्युत्पत्तीने एकदम चोख आहे. खोलीत कैद!

खिळेजुळारी
बुधवार, सकाळी १०:४४

तीस वर्षांनी का होईना, कुणीतरी कौतुक केलं.

डॉ_बाराखडी
बुधवार, दुपारी २:०५

जिल्हा रुग्णालयात पीएम केलेत, त्यामुळे माझे दोन पैसे.

शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची प्रथा कोठडीतल्या मृत्यूंवरून आली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट १९९५ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, की कोठडीत मृत्यू झाला तर शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रीकरण करा. कारण सरळ होतं. अहवाल स्थानिक दबावाखाली लिहिले जातात अशी शंका आयोगाला होती. पुढे लोकांनी ही मागणी कोठडीपुरती ठेवली नाही. सासरी मृत्यू, संशयास्पद अपघात, रुग्णालयातला मृत्यू, कुठेही नातेवाइकांचा विश्वास नसला की पहिला शब्द येतो: इन कॅमेरा करा.

प्रत्यक्षात काय होतं? पोलिसांचं पत्र येतं, व्हिडिओग्राफर येतो. बऱ्याचदा तो लग्नाची शूटिंग करणारा गावातलाच पोरगा असतो. पहिल्या पाच मिनिटांत तो पांढरा पडतो. त्याला मास्क द्यायचा, कुठे उभं राहायचं ते दाखवायचं, कापडाची गाठ सोडण्यापासून शेवटचा टाका घालेपर्यंत बंद करू नकोस म्हणून सांगायचं. प्रत्येक जखम मोजपट्टी शेजारी धरून दाखवायची. व्हिसेरा बरणीत भरून सील होतो तेही घ्यायचं.

आणि या सगळ्या वेळात शवागाराचं दार आतून बंद असतं! नातेवाईक बाहेर. म्हणजे आमच्याकडे लॅटिन अर्थ आणि मराठी अर्थ एकाच खोलीत, एकाच वेळी खरे असतात.

धानपट्टी
बुधवार, दुपारी ३:३०

आमच्या गावचा किस्सा ऐका. दोन वर्षांमागे पोरांनी अर्ज दिला की ग्रामसभा इन कॅमेरा घ्या. घरकुलाच्या यादीवरून भांडण होतं, कोण काय बोलला ते नंतर सगळे नाकारतात, म्हणून शूटिंग पाहिजे. ग्रामसेवक साहेब शिकलेले माणूस. त्यांनी लेखी उत्तर दिलं: इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, ग्रामसभा बंद खोलीत घेता येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

काय बोलता आता? शब्दाचा अर्थ एकदम बरोबर. अर्जाचं वाटोळं. पोरांनी दुसऱ्या वेळी "मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या" लिहिलं, तेव्हा साहेबांकडे कारण नाही उरलं.

सातारी_वकीलबाई
बुधवार, सायंकाळी ६:१०

धानपट्टी, हसून हसून मेले. पण धोका नेमका हाच आहे. अर्जात हा शब्द वापरूच नका. चित्रीकरण हवं तर चित्रीकरण लिहा.

निवृत्त_ठाणे_अंमलदार
बुधवार, रात्री ८:५५

इथे पोलीस खात्याचं कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे हा शब्द दोन्ही अर्थांनी रोज चालतो आणि आमचा कधी गोंधळ होत नाही.

पहिला प्रकार. एखाद्या गुंडाला तडीपार करायचं आहे किंवा एमपीडीए लावायचा आहे. एमपीडीए म्हणजे १९८१ चा कायदा, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठीचा. त्याच्या भीतीने वस्तीतला एकही माणूस उघड तक्रार द्यायला तयार नसतो. दुकानदाराकडून हप्ता घेतो, सगळ्यांना माहीत, पण ठाण्यात यायचं म्हटलं की दुकानाला कुलूप. मग त्यांचे जबाब इन कॅमेरा घेतात. कागदावर नाव नाही, पत्ता नाही. साक्षीदार अ, साक्षीदार ब. वरिष्ठ अधिकारी त्यांना स्वतः भेटून खात्री करतो की माणूस खरा आहे आणि बोलतोय ते खरं आहे. ही खात्री नीट केलेली नसेल तर उच्च न्यायालयात आदेश टिकत नाही. माझ्या देखत उडालेत.

दुसरा प्रकार. पंचनामा, झडती, मुद्देमाल जप्ती. ही इन कॅमेरा म्हणजे शूटिंग करून. आधी अधूनमधून व्हायचं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं केलं. आता नव्या पोरांच्या मोबाइलमध्ये ई-साक्ष नावाचं ॲप असतं, त्यातच रेकॉर्ड करायचं.

आम्ही ओळखायचो कसं? जबाब इन कॅमेरा असला तर नावसुद्धा दिसता कामा नये. पंचनामा इन कॅमेरा असला तर पंचांची तोंडं दिसलीच पाहिजेत. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चिंचोका
बुधवार, रात्री ९:१५

काका, दंडवत. बोललेलं लपवायचं, केलेलं दाखवायचं. हे आत्याला सांगतो.

दोन_रुपये
बुधवार, रात्री ९:४०

माझी चूक कबूल. पण एक शंका. कॅमेरा म्हणजे खोली, आणि हिंदीत खोलीला कमरा. म्हणजे इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच नेला ना? संस्कृतात असणार मूळ.

मांडवीकाठी
बुधवार, रात्री १०:२२

उलटं आहे बाबा. हिंदीतला कमरा हा पोर्तुगीज कामारावरून आलेला, आणि पोर्तुगीजांचा कामारा लॅटिन कॅमेरावरून. लॅटिनांनी तो ग्रीकांकडून घेतला, तिथे त्याचा अर्थ घुमटासारखं छत असलेली जागा. म्हणजे कमरा आणि कॅमेरा सख्खी भावंडं, फक्त वेगवेगळ्या बोटींतून उतरलेली. एक पोर्तुगीजांच्या, एक इंग्रजांच्या.

गोव्यात तर कामारा म्हणजे नगरपालिका. जुन्या गोव्यातल्या शहरसभेचं नाव सेनादो दा कामारा. पोर्तुगालमध्ये आजही नगरपालिकेला कामारा म्हणतात. म्हणजे बघा, एकच शब्द: इथे बंद दार, तिथे लोकांची सभा.

तुमच्या मुंबईतही आहे. विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं असलेल्या रचनेला इंग्रजीत बायकॅमेरल म्हणतात, त्यातही हाच कॅमेरा बसलाय. चेंबर ऑफ कॉमर्समधलं चेंबर म्हणजे तोच, फ्रेंचांच्या हातून गेल्यामुळे चेहरा बदललेला. आणि कॉम्रेड! एका खोलीत राहणारा, तो कॉम्रेड. लाल बावटेवाल्यांना सांगा, तुमचं मूळ आमच्या कॉट बेसिसवरच्या रूम पार्टनरमध्ये आहे.

मराठीने मात्र कमरा घेतला नाही. आपली खोलीच बरी. पोर्तुगीजांकडून आपण चावी घेतली आणि तुरुंग घेतला. खोली घेतली नाही, पण तिला कुलूप घालायची सगळी तयारी केली.

इसारकाठी
गुरुवार, पहाटे २:१०

म्युनिकहून. चिंचोका यांचा मूळ प्रश्न होता की दोघांचं नाव एकच कसं, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं पडतं. शाळेत सूचिछिद्र कॅमेरा म्हणून खोक्याचा केला असेल सगळ्यांनी. केप्लरने १६०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात याला कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीत भिंग आलं, एकोणिसाव्या शतकात मागे रसायनाची काच आली, आणि 'अंधारी' हा शब्द गळून नुसती खोली उरली. तुमच्या हातातला मोबाइलचा कॅमेरा ही त्याच खोलीची मुगाएवढी आवृत्ती. आतून अजूनही अंधारी आहे, फक्त एक खिडकी.

जर्मनांनी दोन स्पेलिंगं ठेवून भांडण मिटवलंय. खोली ती काम्मर, फोटोचा तो कामेरा. श्पाइझेकाम्मर म्हणजे स्वयंपाकघरालगतची कोठीची खोली. इटालियनांचं मात्र आपल्यासारखं. पहिल्यांदा रोमला गेलो तेव्हा एका जिन्यापाशी 'कामेरे' अशी पाटी दिसली. मला मेमरी कार्ड हवं होतं, तिसरा मजला चढून गेलो. एक आजीबाई होत्या, त्यांनी मला पलंग दाखवला.

मुलुखगिरी
गुरुवार, सकाळी ८:०२

मग घेतली का खोली?

इसारकाठी
गुरुवार, दुपारी १२:३०

हो. स्वस्त होती. कार्ड दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मिळालं.

अमृतातेही_पैजा
गुरुवार, दुपारी १:१५

एवढं वाचून वाईट वाटलं. लॅटिन, पोर्तुगीज, जर्मन सगळं झालं, मराठीला कुणी विचारलं नाही. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच? कक्षबंद सुनावणी म्हणा. गुप्तकक्षीय म्हणा. कॅमेरा जाईल आणि गोंधळही जाईल.

खिळेजुळारी
गुरुवार, दुपारी १:३२

गुप्तकक्षीय ऐकून आत्या साक्षीलाच काय, घराबाहेरही पडायच्या नाहीत.

डॉ_बाराखडी
गुरुवार, दुपारी १:५०

मला तर ते एखाद्या ग्रंथीचं नाव वाटलं.

मांडवीकाठी
गुरुवार, दुपारी २:२०

चेष्टा पुरे, पैजा यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मराठीत शब्द होता आणि नेमका याच घडणीचा होता. खलबत. मूळ अरबी खल्वत, फारसीतून आलेला: एकांत, एकांताची जागा. रायगडावर खलबतखाना दाखवतात ना, जमिनीखालची खोली? तोच. जागेच्या नावावरून गुप्त मसलतीचं नाव पडलं. लॅटिनात कॅमेऱ्याचं झालं तेच फारसीत खल्वतचं झालं. दोन्हीकडे आधी खोली, मग गुपित.

पण शब्द नासला. आज कुणी 'खलबतं चालू आहेत' म्हटलं की पहिला विचार कटाचाच येतो. न्यायालयात खलबत झालं असं लिहिलं तर अवमानाची नोटीस येईल.

मुलुखगिरी
गुरुवार, दुपारी २:४५

'गुलदस्त्यात' पण आहे की. आणि बंद दाराआड. २०१९ ला त्या बंद खोलीत नक्की काय ठरलं होतं, ते इन कॅमेरा असतं, म्हणजे मराठी अर्थाने, तर महाराष्ट्राचा किती

संपादक_मंडळ
गुरुवार, दुपारी २:५८

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे.

धानपट्टी
गुरुवार, दुपारी ३:१०

बंद दार म्हणजे वाईटच असं नाही ना पण. वकीलताई, बलात्काराच्या खटल्यांत हे बंद दार कधी आलं? आमच्या वडशाच्या केसमधूनच ना?

सातारी_वकीलबाई
गुरुवार, रात्री १०:४०

हो. बाहेरच्यांसाठी सांगते, वडसा म्हणजे देसाईगंज. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा नंतर १९८२ ला झाला. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, अशा धाटणीचा तो निकाल. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला.

त्या दुरुस्तीत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये पोटकलम आलं: बलात्काराचा खटला इन कॅमेराच चालेल. त्याआधी त्या बाईला भरल्या कोर्टात सगळं सांगावं लागायचं, आणि ऐकायला खास गर्दी व्हायची. ज्यांना केसशी देणंघेणं नाही असे लोक त्या दिवशी येऊन बसायचे. आमच्या सीनिअर सांगायच्या, बाकं कमी पडायची. तरीही कायदा आला म्हणून दारं लगेच लागली नाहीत. १९९६ ला गुरमितसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ही तरतूद पाळा. आता नव्या संहितेत हे कलम ३६६ आहे.

खुल्या पत्रामुळे आलेलं बंद दार आहे ते. म्हणून मला या शब्दाची चेष्टा फार पुढे गेलेली आवडत नाही. गैरसमज करून घेऊ नका.

धानपट्टी
गुरुवार, रात्री ११:०५

नाही ताई. बरं झालं सांगितलं. आमच्याकडे जुन्या लोकांना ती केस माहीत आहे, पोरांना नाही.

तळटीप
शुक्रवार, सकाळी ९:२०

मंगळवारी मी धागा संपवला होता, म्हणून मीच एक भर घालतो. आता खरा कॅमेरा कोर्टात शिरलाय. सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः होकार दिला २०१८ मध्ये. घटनापीठांचं प्रक्षेपण सुरू झालं २७ सप्टेंबर २०२२ ला, आणि पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेचा वाद होता (संपादक, ही माहिती आहे, राजकारण नाही). पण वैवाहिक आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणं प्रक्षेपणातून वगळा, असं २०१८ च्या निकालातच आहे. म्हणजे जे इन कॅमेरा ते ऑन कॅमेरा नाही, हे आता लेखी ठरलंय.

सातारी_वकीलबाई
शुक्रवार, दुपारी २:१५

यावर खरोखर भांडण झालंय! नवरा एका शहरात, बायको दुसऱ्या, तर कौटुंबिक न्यायालयाची सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायची का? २०१७ मध्ये संथिनी खटल्यात तिघांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमत म्हणालं, कलम ११ ची गोपनीयता पडद्यावर टिकणार नाही, आणि समेटासाठी माणसं समोरासमोर हवीत. समेट फसला आणि दोघंही तयार असले तरच पुढे व्हिडिओ. चंद्रचूड विरोधात होते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक तारखेला बाईने शेकडो मैल प्रवास करायचा हा कसला न्याय? मग कोविड आला आणि सगळेच पडद्यावर गेले. माझ्या एका अशिलाने इन कॅमेरा सुनावणी रसवंतीगृहात बसून दिली. मागे चरक फिरत होता.

चिंचोका
पुढचा गुरुवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. निकाल कळवतो.

धागा छापून आत्याला दिला. तिने डॉक्टरांचा प्रतिसाद गाळून सगळा वाचला. ठाणे अंमलदार काकांचा परिच्छेद तिला पटला. तरी आज निघताना पदर नीट करत म्हणालीच, "कॅमेरा असलाच तर असू दे."

आम्ही दहाला पोचलो. नाव पुकारलं पावणेएकला. शिपायाने मला, आतेबहिणीच्या मैत्रिणीला आणि बाकावरच्या आठ-दहा जणांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. दाराची कडी नीट लागत नाही, त्याने खाली घडी करून कागद सरकवला. पाऊण तास आम्ही व्हरांड्यात. एकदा पंखा बंद पडला तेव्हा आत्याचा आवाज थोडा ऐकू आला, शब्द नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते पण चालणं ताठ. मी विचारलं, "काय विचारलं गं?"

"इन कॅमेरा आहे ते," ती म्हणाली. "चहा कुठे मिळतो इथे?"